बस पावणेदहाची

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमची कंपनी आहे, गोळ्या-औषधं बनवणारी. तिसरी पाळी रात्री साडेदहाला लागते आणि मडगावातून कंपनीची बस पावणेदहाला सुटते. ड्रायव्हर बेळगावचा. माणूस प्रेमळ, पण मिनिटभर थांबणार नाही. फातोर्ड्याच्या स्टेडियमपासून बसच्या थांब्यापर्यंत पळत सुटलं तर बारा मिनिटं लागतात. म्हणजे सामना ९० मिनिटांत आटोपला तर रात्रपाळीतही मला तो पुरता बघता येतो. ज्यादा वेळेत गेला की संपलं.

अडचण अशी, की मी एफसी गोवाचा माणूस, म्हणजे इंडियन सुपर लीगमधल्या गोव्याच्या फुटबॉल क्लबचा. आमची सगळी दुखणी ९०व्या मिनिटाच्या आसपास किंवा त्याच्या पुढेच सुरू होतात.

मी मूळचा सावंतवाडी तालुक्यातला. पदवी घेतली आणि आमच्याकडची निम्मी पोरं करतात तेच केलं, पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात नोकरी धरली. ऑफिसातले लोक विचारतात, तू महाराष्ट्राचा, मग मुंबई सिटी का नाही? अहो, मुंबई आमच्या घरापासून पाचशे किलोमीटर. मडगाव दीड-दोन तासांवर. आमच्याकडे दुखलं-खुपलं तर माणसं बांबोळीच्या इस्पितळात नेतात, बाजार म्हापशाचा. मग फुटबॉल तेवढा अंधेरीचा का घ्यायचा?

पहिला सामना पाहिला नोव्हेंबर २०१५ मध्ये, आणि नेमका मुंबईविरुद्धचाच. रूममेटकडे एक तिकीट जास्त होतं म्हणून गेलो. तोवर मला फुटबॉल म्हणजे चार वर्षांतून एकदा वर्ल्ड कप, तोही अर्धा झोपेत. त्या दिवशी गोव्याने सात गोल घातले. ७-०. हाओकिपने तीन, डुडूने तीन. बाकावर प्रशिक्षक म्हणून झिको बसलेला, खुद्द ब्राझीलचा झिको, माझ्यापासून दगड मारला तर लागेल एवढ्या अंतरावर. मला वाटलं हे असंच असतं. एखाद्याला पहिल्याच डावात मटका लागावा तसं झालं, आणि तिथेच माझं नुकसान झालं.

पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबरला, फातोर्ड्यालाच अंतिम सामना. समोर चेन्नईयिन. त्यांच्या पेलिसारीची पेनल्टी आमच्या गोलकीपर कट्टीमनीने अडवली, तर परत आलेला चेंडू पेलिसारीनेच आत मारला. चार मिनिटांत हाओकिपने बरोबरी केली. मग ८७व्या मिनिटाला जोफ्रेची फ्री किक भिंतीवरून आत गेली आणि आम्ही २-१ ने पुढे. तीनच मिनिटं उरलेली. शेजारी कोण होता माहीत नाही, पिकलेल्या मिशांचा एक आजोबा, त्याने मला मिठी मारली आणि सोडेचना. त्या मिठीतच मी मान वळवून पाहिलं तर चेंडू आमच्याच जाळ्यात होता. कट्टीमनीच्या नावावर स्वयंगोल. २-२. आणखी दोन मिनिटांनी मेंडोझा. २-३. आजोबांनी मिठी सोडली, खाली बसले आणि एवढंच म्हणाले, "कितें रे हें!"

त्या रात्रीपासून शिट्टी वाजेपर्यंत मी आनंद करत नाही. गोल झाला की सगळे उड्या मारतात, मी हाताची घडी घालून उभा. लोकांना वाटतं हा दुसऱ्या टीमचा आहे.

क्लबचं चिन्ह गवा. गोव्याचा राज्यप्राणीच तो. आमच्या बाबांना हे कळलं त्या दिवशीचं त्यांचं वाक्य अजून घरात चालतं: "आमच्या मळ्यात गवो शिरलो तर आमी रातभर जागून हाकलतंव, आणि तू पैसे मोजून गवे बघूक जातंस!" चूक काहीच नाही त्यांची. आमच्याकडे एका रात्रीत गव्यांचा कळप अख्खा कुणगा साफ करतो. तेव्हापासून दर सामन्यानंतर बाबांचा फोन येतो आणि प्रश्न एकच: "हरले मां परत?" जिंकलो तरी प्रश्न हाच. मी "नाय, जिकले" म्हणालो की "बरां" म्हणून फोन आईकडे देतात.

२०१६ ला तळाला गेलो. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मग प्रशिक्षक म्हणून लोबेरा आला आणि त्याच्याबरोबर कोरो. फेरान कोरोमिनास. पहिल्या मोसमात १८ गोल, दुसऱ्यात १६, तिसऱ्यात १४. मी आयुष्यात बरीच कामं नीटनेटकी होताना पाहिली आहेत, आमच्या मशीनवर एका मिनिटाला हजारो गोळ्या मोजून बाटल्यांत पडतात, पण कोरोचं गोल मारणं त्याहून नेमकं होतं. पळायचा कमी. उभा असायचा तिथे चेंडू यायचा. आमच्या बाजूच्या बाकावर एक मावशी यायच्या, डब्यात बटाटवडे घेऊन. त्यांचं म्हणणं, कोरोला चेंडूचा वास येतो.

मार्च २०१९. अंतिम सामना मुंबईत, अंधेरीला, बंगळुरूविरुद्ध. कोकणकन्येने रात्रभर बसून गेलो. तारीख १७. त्याच संध्याकाळी मनोहर पर्रीकर गेले. स्टॅंडमध्ये गोव्याहून आलेले जे जे होते ते सगळे एकाएकी मोबाईलमध्ये मान घालून बसले. समोर सामना चालू आणि इकडे कोणी ओरडत नाही. आमच्या मागे एक बाई रडत होत्या. हरण्या-जिंकण्याला त्या रात्री खरं तर काही अर्थ नव्हता, तरी मन कुठे ऐकतं? ज्यादा वेळ सुरू झाला, आमचा जाहू लाल कार्ड घेऊन बाहेर. पेनल्टीपर्यंत ओढलं तर काहीतरी होईल अशी आशा. आणि तीन-चार मिनिटं उरलेली असताना कॉर्नरवर राहुल भेकेने डोकं लावलं. मुंबईकर भेके. ०-१. परतीच्या गाडीत चिपळूण येईपर्यंत डब्यात कोणी काही बोललं नाही.

कप मिळतच नाहीत असं नाही. त्याच वर्षी भुवनेश्वरला सुपर कप जिंकला. २०२० ला जमशेदपूरला ५-० हरवून साखळीत पहिले आलो, शिल्ड मिळाली, आशियाच्या चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जाणारा पहिला भारतीय क्लब झालो. पण पहिले येऊनही मोसमाचे विजेते नाही, कारण विजेता ठरतो उपांत्य आणि अंतिम सामन्यांतून. तिथे परत चेन्नईयिन. तिकडे ४-१ ने हरलो, इकडे ४-२ ने जिंकलो, एकूण ५-६. ही पद्धत ज्याने शोधली त्याला एकदा आमच्या बाबांबरोबर रात्री मळ्यात बसवायला पाहिजे. शंभर रात्री राखण करायची आणि शेवटच्या रात्री डोळा लागला की गेलं पीक.

आणि नंतर जे झालं ते तर तोंडात घास असताना ताट ओढण्यासारखं. कोविड. स्पर्धाच पूर्ण गोव्यात भरली, सगळे संघ इथल्या हॉटेलांत, सगळे सामने इथल्या मैदानांवर, आणि प्रेक्षकांना बंदी. माझी खोली फातोर्ड्यापासून तीन किलोमीटर. गच्चीवरून फ्लडलाइट दिसायचे. मी गच्चीत उभा राहून मोबाईलवर सामना बघायचो, मोबाईल अर्धं मिनिट मागे. चॅम्पियन्स लीगचे सामनेही तसेच रिकाम्या स्टेडियममध्ये. इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध आमच्या एदू बेदियाने डोक्याने गोल मारला, त्या स्पर्धेच्या गटफेरीतला भारतीय क्लबचा पहिला गोल, आणि टाळ्या वाजवायला मैदानावर कोण, तर राखीव खेळाडू.

त्याच मोसमाआधी लोबेरा मुंबई सिटीला गेला होता. पाठोपाठ जाहू गेला, फॉल गेला, बुमूस गेला, आमचा मंदार राव देसाईही गेला. उपांत्य फेरीत त्यांनीच आम्हाला पेनल्टीवर हरवलं आणि विजेतेपद नेलं. निळ्या जर्सीत निम्मा गोवा जिंकला म्हणायचं. कोणावर राग धरणार? मीही उद्या शेजारच्या कंपनीत चार हजार जास्त मिळाले तर जाईन. पण मंदारचं लागलं.

तेव्हा ठरवलं, आता खेळाडूच्या नावाची जर्सी घ्यायची नाही. आणि दोन वर्षांत ब्रँडनची घेतली. १० नंबर, भगवी. एप्रिल २०२४ ची उपांत्य फेरी मी तीच घालून पाहिली, आणि समोर कोण, तर मुंबईच. बोरिसने एक घातला, ब्रँडनने दुसरा. २-० अशी आघाडी ९०व्या मिनिटापर्यंत. माझ्या पुढच्या रांगेतली माणसं गाड्या काढायला उठली. मी हाताची घडी घालून उभा. छांगटे, २-१. उठलेली माणसं जिन्यात थांबली. विक्रम, २-२. परत छांगटे, ९६व्या मिनिटाला, २-३. साधारण सहा-सात मिनिटांत हे सगळं. मी इतका सावध राहिलो होतो, आनंदसुद्धा केला नव्हता, तरी काही उपयोग झाला नाही. बाहेर येऊन रस ऑम्लेटच्या गाड्यावर उभा राहिलो. गाडेवाल्याने न विचारता पाव एक जास्त ठेवला.

दोन-तीन महिन्यांत ब्रँडनही मुंबईला गेला. जर्सी मी गावी नेऊन टाकली. पुढच्या पावसात लावणीला बाबा ती घालून चिखलात उतरलेले. पाठीवर १०. म्हणाले, रंग बरो आसा, लांबसून दिसतंय.

२०२५ चं थोडक्यात सांगतो, कारण तेच ते. उपांत्य फेरी, बंगळुरू. तिकडे ०-२. इकडे बोर्हाचा एक, मग ८८व्या मिनिटाला सादिकूने हेडर मारून एकूण २-२ केलं. स्टेडियमचा नुसता कल्लोळ. त्या वेळी, खोटं कशाला बोलू, मी घडी सोडली. ओरडलो. चार मिनिटांत चाळीस वर्षांच्या छेत्रीने आमच्या पेटीत डोकं लावलं आणि संपवलं.

मे महिन्यात भुवनेश्वरला जमशेदपूरला ३-० हरवून परत सुपर कप घेतला. त्यामुळे पुन्हा आशिया, आणि गटात सौदीचा अल नास्र. आमच्या गावातल्या पोरांचे फोन सुरू झाले, भाऊ, रोनाल्डो येतोय, तिकीट बघ. ऑक्टोबरमध्ये अल नास्र आला, रोनाल्डो आला नाही. तीन चुलतभाऊ सावंतवाडीहून आलेले, त्यांचे चेहरे बघवेनात. पण ब्रायसनने गोल मारला तेव्हा तिघे इतके ओरडले की एकाचा आवाज दुसऱ्या दिवशीही बसलेलाच. हरलो १-२ ने. गटातले सगळेच सामने हरलो. धाकट्याने मात्र मला परवा विचारलं, ब्रायसनची जर्सी कितीक पडते? मी काही बोललो नाही. पोरगा आताच कुठे शिकतोय.

मग २०२५ चाच ७ डिसेंबर. सुपर कपचा अंतिम सामना, या वेळी फातोर्ड्याला, ईस्ट बंगालविरुद्ध. माझी रात्रपाळी. बदली मागितली, मिळाली नाही. अर्ध्या लाईनला तीच बदली हवी होती. गेलो. ९० मिनिटं ०-०. दहा वर्षांत सामना सोडून मी कधी उठलो नव्हतो. त्या दिवशी उठलो, बारा मिनिटं पळालो, बस पकडली. बसमध्ये पुढच्या सीटवरच्या पोराच्या मोबाईलवर आठ जणांची डोकी. वेर्ण्याच्या चढावर नेटवर्क गेलं. आलं तेव्हा पेनल्टी सुरू झालेल्या. कंपनीच्या गेटवर उतरलो तेव्हा ५-५.

आमच्याकडे मोबाईल आत नेता येत नाही. गेटवर लॉकरमध्ये ठेवायचा, मग कपडे बदलायचे, टोपी, मास्क, मोजे. रांग मागून ढकलतेय आणि स्क्रीनवर चेंडू ठेवलेला. ठेवला मोबाईल. आत गेलो. पहाटे तीनला चहाच्या सुट्टीत वॉचमनकाका कँटीनच्या दारात आले आणि लांबूनच दोन्ही हातांची बोटं दाखवली, एकदा सहा, एकदा पाच. कोणाची सहा ते विचारायला मी अर्धा ग्लास चहा सांडून पळालो. आपलीच.

मी उठून गेलो तेव्हाच जिंकले, हे लक्षात आलंय माझ्या. त्याचं काय करायचं ते अजून ठरवलेलं नाही.

सकाळी साडेसहाला लॉकर उघडला. तारीख ८ डिसेंबर. भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला पंधरा वर्षांचा करार त्याच दिवशी संपत होता. लीग जुलैपासूनच लटकलेली. व्यावसायिक हक्कांसाठी निविदा काढली तर एकही बोली आली नाही. म्हणजे लागोपाठ दोन सुपर कप जिंकलेला आमचा क्लब, आणि त्या दिवशी तरी पुढे खेळायला मोसमच नव्हता. मोबाईलवर बाबांचे दोन मिस कॉल. लावला.

"जिकले मां?" पहिल्यांदाच असं विचारलं.

म्हटलं, जिकले.

"बरां." फोन आईकडे गेला नाही. थोडं थांबून म्हणाले, "मगे फुडची मॅच कधी आसा?"

म्हटलं, म्हायत नाय. कोणाकच म्हायत नाय.

"म्हणजे," बाबा म्हणाले, "आता गवे सगळे हयच येतले."