तालमीतलं इंजेक्शन आणि रविवारची बैठक

मी मिरजेत मेडिकल चालवतो. आमच्या गावात दवाखान्यांना तोटा नाही, त्यामुळं औषधांच्या दुकानांनाही नाही. कुठली गोळी कोण मागतो, चिठ्ठीवरची जुनी तारीख खोडून नवी कुणी टाकली, हे काउंटरमागं उभं राहून वर्षानुवर्षं बघत आलोय. नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम, ट्रामाडोल, कोडीन ही सगळी औषधं शेड्यूल एच-वनमधली. चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, वेगळ्या रजिस्टरला डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव आणि किती दिलं ते लिहायचं, आणि ते रजिस्टर ३ वर्षं जपून ठेवायचं. नशेच्या गोळ्या म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं ही यादी येते. आमच्या घरात निघालं ते या यादीतलं नव्हतं.

माझी थोरली बहीण, आक्का, तासगाव रस्त्यावरच्या एका गावात दिलेली. दाजींची द्राक्षबाग आहे. भाचा एकोणीस वर्षांचा. लहानपणापासून गावच्या तालमीत जायचा, कॉलेजला लागल्यावर शहरातल्या जिमला जायला लागला. दारू नाही, मावा नाही, सिगारेट नाही. आमच्या भागात मावा न खाणारं पोर म्हणजे केवढं कौतुक! पाहुण्यांत उदाहरण म्हणून सांगायचे. दूध, बदाम, अंडी, वर प्रोटीनचा डबा. दाजी बागेच्या उधारीवर दिवस काढतील, पण पोराच्या खुराकात कधी हात आखडला नाही.

त्या प्रोटीनच्या रिकाम्या डब्यात आक्काला काचेच्या तीन बाटल्या मिळाल्या. रुमालात बांधून ती थेट माझ्या दुकानात आली आणि म्हणाली, "बापू, हे कशाचं औषध रं?" गिऱ्हाईक होतं, म्हणून मी तिला आत घेतलं. मेफेंटरमाइन. दहा मिलीची बाटली, लेबल ओलं करून खरवडायचा प्रयत्न केलेला, पण अर्धं नाव शिल्लक होतं. रबरी बुचाची सुया टोचून टोचून चाळण झालेली. एका बाटलीतनं किती वेळा ओढलं असेल ते बुचावरनंच कळत होतं.

हे औषध असतं ऑपरेशन थिएटरमध्ये. पाठीतनं भूल दिल्यावर पेशंटचा रक्तदाब खाली आला, तर तो वर आणायला भूलतज्ज्ञ देतात. धडधाकट पोरानं घेतलं की छाती धडधडते, दम लागत नाही, भूक मरते, झोप उडते. दोन तास व्यायाम केला तरी आणखी करावासा वाटतो. जिममधली पोरं याला नशा समजतच नाहीत, 'ताकदीचं इंजेक्शन' म्हणतात. सुरुवातीला थोडं पुरतं, मग वाढवावं लागतं. पुढं रात्र रात्र जागरण, चिडचिड, संशय. आमचा भाचा शेवटी शेवटी शेजारचे आपल्यावर कॅमेरा लावून बसलेत असं म्हणायला लागला होता. आक्काला वाटलं, कुणी करणी केली. त्यापायी नारळ, लिंबू सगळं उतरवून झालं होतं.

दाजी तर ऐकायलाच तयार नव्हते. "शरीर कमावणारं पोरगं नशा कशाला करंल?" असं त्यांचं म्हणणं. २०२४ च्या मार्चमध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पावडरीचा कारखाना सापडला, २०२५ च्या जानेवारीत विट्याजवळ कार्वे एमआयडीसीत आणखी एक. तेव्हा पारावर बसून 'जिल्ह्याचं काय चाललंय' अशी चर्चा करणाऱ्यांत दाजी पुढं होते. ती सगळी बातमी त्यांच्या लेखी दुसऱ्या कुठल्या तरी पोरांची. बागेच्या फवारणीचं औषध आणायला पोराकडं दिलेले पैसे दुकानात पोचलेच नाहीत, हे उधारीच्या वहीवरनं मी दाखवलं तेव्हा ते गप्प झाले. दाजींना माझं शास्त्र पटलं नाही, हिशेब पटला.

मग उपचार. एका पाहुण्यानं एका खासगी केंद्राचा नंबर दिला. फोनवर त्यांनी रक्कम सांगितली आणि पुढं म्हणाले, "तुम्ही फक्त पत्ता द्या, रात्री गाडी येईल, चार माणसं येतील, पोरगं उचलून नेतील. तीन महिने भेटायचं नाही." आक्का तयार झाली होती, कारण ती थकली होती. मी नको म्हणालो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनामुळं होणारे मनाचे आजार येतात आणि दाखल करायचं कसं याची रीत त्यात घालून दिलेली आहे. सज्ञान माणसाला त्याच्या मनाविरुद्ध ठेवायचं तर तपासणी लागते, कारण लागतं, मुदत लागते. रात्री जीप आणून उचलणं त्यात कुठंच बसत नाही. तुमच्याकडं मानसोपचारतज्ज्ञ कोण, नोंदणी कुठली, असं विचारल्यावर पलीकडच्यानं फोन ठेवला. कुणाला केंद्र निवडायची वेळ आली तर हे दोन प्रश्न आधी विचारा, आणि घरच्यांना भेटू देतात का हा तिसरा.

आम्ही सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचार ओपीडीत गेलो. भाचा आला तो माझ्या गाडीवर मागं बसून. "बीपी बघून येऊ, छाती धडधडते म्हणतोस ना," एवढंच बोलणं झालं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर काढलं आणि त्याच्याशी एकट्याशी बोलल्या. नंतर ईसीजी, रक्तदाब, आणि सुई दुसऱ्याबरोबर वापरली असेल म्हणून एचआयव्ही आणि काविळीच्या बी आणि सी या प्रकारांची तपासणी. रिपोर्ट येईपर्यंत आक्काच्या घशाखाली घास उतरत नव्हता. सगळे चांगले आले.

भरती करावं लागलं नाही. या औषधावर उतारा म्हणून वेगळी गोळी नाही. झोपेची घडी बसवायची, संशयावर थोडे दिवस औषध, मन खचतं त्याकडं लक्ष. डॉक्टरांनी आक्काला बजावलं होतं की इंजेक्शन बंद झाल्यावर तो पडून राहील, रडेल, जगण्यात राम नाही असं म्हणेल, तर ते बोलणं हसण्यावारी न्यायचं नाही, लगेच घेऊन यायचं. तसंच झालं. झोपून राहायचा, उठला की खायचा, आरशापुढं जायचा आणि दंड बारीक झाले म्हणून भिंतीवर हात आपटायचा. (झोपेच्या गोळ्यांचं व्यसन असेल तर मात्र ती घरच्या घरी एकदम बंद करू नये, फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी करायची. हे दुकानदार म्हणून सांगतोय.)

पण पोरापेक्षा आक्काचे हाल जास्त झाले. तिनं भिशी सोडली, हळदीकुंकवाला जाणं सोडलं. धाकट्या भाचीला स्थळं बघायची होती, त्यामुळं घरातली गोष्ट उंबऱ्याबाहेर जाता कामा नये असं दाजींनी ठरवलेलं. शेजारीण दारात आली तरी आक्का पदर सावरून बाहेरच उभी राहायची, आत बोलवायची नाही. एवढं सगळं एकटीनं दाबून धरल्यावर रात्री पोरावर ओरडणं होणार, आणि ओरडलं की पोरगं गाडी काढून बाहेर जाणार. डॉक्टरांनी आणि तिथल्या समुपदेशकांनी तिला जे सांगितलं ते साधंच होतं. रोख पैसे हातात द्यायचे नाहीत, रात्री वाद घालायचा नाही, खोलीची झडती त्याच्या माघारी घ्यायची नाही. पण हे पाळायला माणसाच्या अंगात बळ लागतं, आणि ते तिच्यात उरलं नव्हतं.

तिथनं गावातल्या कामाची सुरुवात झाली. खरं तर गावात सभा आधी एकदा झाली होती. समाजमंदिरात बॅनर, व्यसनमुक्तीची शपथ, पाहुण्यांचे सत्कार, नारळ, फोटो. पहिल्या रांगेत शाळेची पोरं बसवली होती आणि ज्या घरांना गरज होती त्यांतलं एकही माणूस तिथं नव्हतं. कसं असणार? त्या सभेत जाऊन बसायचं म्हणजे आपल्या घरात काय आहे ते गावाला सांगण्यासारखंच. असल्या सभांवरचा माझा विश्वास तेव्हाच उडाला.

वाट काढली गावच्या आशा सेविकेनं, म्हणजे आशाताईंनी. त्या घरोघरी जातात, कुणाच्या घरात काय चाललंय ते त्यांना ठाऊक असतं आणि त्या ते पोटात ठेवतात. त्यांनी चार-दोन आयांना वेगवेगळं गाठून सांगितलं की रविवारी दुपारी अंगणवाडीच्या खोलीत बचत गटाच्या निमित्तानं बसू. बॅनर नाही, नाव नाही, फोटो तर मुळीच नाही. आक्का आली ती मी हट्ट धरला म्हणून. तिथं समोर तिची नेहमीची भाजीवाली बसलेली. तिचा पोरगा एमडीवर. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या आणि मग आक्का बोलायला लागली ती थांबेचना.

बाप्ये यायला वेळ लागला. ते आले वकिलांमुळं. एका घरात पोलिस येऊन गेले होते आणि बापाला भीती होती की पोराला दवाखान्यात नेलं तर आपणच त्याला पकडून दिल्यासारखं होईल. वकिलांनी एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं कलम ६४-अ समजावून सांगितलं. सेवन केलं म्हणून किंवा अल्प प्रमाणात सापडलं म्हणून गुन्हा दाखल झालेला व्यसनी स्वतःहून सरकारी वा सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला गेला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र ही सवलत काढून घेता येते. विक्री करणाऱ्याला यातलं काही लागू नाही. त्या दिवशी दाजी दारात चपला घालूनच उभे होते. कायद्याचं बोलणं सुरू झाल्यावर आत येऊन बसले.

या बैठकीत भाषण नसतं. कुणाचं पोरगं आठवडाभर कसं होतं, पैसे कसे गेले, कुठल्या ओपीडीचा वार कुठला, सोबत कोण जाणार, एवढंच. ज्या बाईला एकटीनं दवाखान्यात जायला धीर होत नाही तिच्याबरोबर दुसरी जाते. आपल्या भागाला हे अगदी नवं नाही. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं परिवर्तन हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, पुण्यात १९८६ पासून तसंच मुक्तांगण आहे, आणि मुक्तांगणमध्ये घरच्यांना उपचाराचा भाग धरतात हे पुष्कळांनी ऐकलेलं असतं. पण पुणं लांब आहे. मंगळवारी रात्री पोरानं कपाट फोडलं तर बुधवारी सकाळी ज्या घरी जाता येईल असं माणूस गल्लीत लागतं.

तालमीचा भाग वस्तादांनी सांभाळला. ते सत्तरीचे. मी बाटली दाखवली तेव्हा त्यांना काही वेळ कळेचना. मग म्हणाले, "ही तर भेसळ झाली." दुसऱ्या दिवसापासून पिशव्या आत न्यायच्या बंद, सगळ्यांच्या बाहेरच्या खुंटीला. ज्याला पटत नाही त्यानं मातीत उतरू नये. २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन असतो, आणि तीच राजर्षी शाहू महाराजांची जयंती. शाहू महाराजांनी कुस्तीला केवढा आसरा दिला ते तालमीतल्या पोरांना सांगावं लागत नाही, कोल्हापूरचं खासबाग मैदान सगळ्यांनी बघितलेलं. म्हणून वस्तादांनी कार्यक्रम जयंतीचा ठेवला. पोरं झाडून आली. मी बाटली हातात धरून भूलतज्ज्ञ ती कशासाठी वापरतात, निरोगी हृदयावर काय होतं, ते सांगितलं. प्रश्न आले ते सगळे नेमके, कुणीतरी घेतलेलं असल्याशिवाय सुचणार नाहीत असे. मी कुणाचं नाव विचारलं नाही.

आमच्या धंद्याचंही बोलायला हवं. सगळ्यांनी बोट मेडिकलवाल्यांकडं दाखवलं. चुकार दुकानदार आहेत, नाही म्हणत नाही. पण भाच्यानं सांगितलं त्याप्रमाणं त्याच्याकडं माल यायचा तो जिममधल्याच एकाकडनं, आणि त्याच्याकडं कुरियरनं. मी अन्न व औषध प्रशासनाकडं लेबलवरचं जेवढं वाचता येत होतं तेवढं लिहून तक्रार दिली. अमली पदार्थांविरुद्धच्या १९३३ या सरकारी हेल्पलाइनवर नाव न सांगताही माहिती देता येते, ती दिली. काय झालं ते अजून कळलेलं नाही. ओळखीच्या दुकानदारांनी चिठ्ठी नसेल तर असली बाटली काउंटरवर काढायचीच नाही असं ठरवलं. काहीजण म्हणाले, सुयाही बंद करू. त्याला मी विरोध केला. सुई मिळाली नाही म्हणून पोरगं इंजेक्शन सोडत नाही, मित्राची सुई वापरतं.

यात्रेच्या हंगामात भाचा पुन्हा घसरला. मैदान होतं, इनामाची कुस्ती होती, कुणीतरी बाटली दिली. आक्कानं दाबून ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीवालीला घेऊन ओपीडीत गेली, मला फोन केला तो केसपेपर काढून झाल्यावर. मानसोपचाराच्या औषधांवर असलेल्या पोरानं मैदानात उतरावं की नाही यावर दाजी आणि वस्ताद यांची अजून जुंपलेली आहे. डॉक्टरांनी ईसीजी पुन्हा काढल्याशिवाय जोर काढायला परवानगी दिलेली नाही, तेव्हा सध्या तो पहाटे तालमीत जाऊन माती उकरतो, बारक्या पोरांना धरतो आणि दिवसा बागेत असतो. पैशाचा व्यवहार भाचीकडं आलाय, तिच्या मोबाइलवरनं. स्थळ अजून ठरलेलं नाही, पण एका ठिकाणी दाजींनीच सगळं आधी सांगितलं आणि ती माणसं परत फिरली नाहीत.

बैठक चालू आहे. पावसात अंगणवाडीची खोली गळते म्हणून आता तालमीच्या मागच्या पडवीत बसतात. कुणाला लगेच बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे, मन खचलं असेल तर टेलिमानसची १४४१६. हे दोन्ही नंबर आशाताईंनी खडूनं पडवीच्या दारामागं लिहून ठेवलेत, आतल्या बाजूनं.