तुम्ही विचारलंत म्हणून: रोजची एकशे तीस रुपयांची कॉफी

"रोज त्या कॉफी शॉपमधली कॉफी परवडते कशी हो तुम्हाला?" आठवड्यातून एकदा तरी मला हे कुणीतरी विचारतंच. कधी मार्केट यार्डातले अडते विचारतात, ज्यांची खाती मी लिहिते. कधी शेजारच्या काकू. थोरल्या जाऊबाई तर गेली तीन वर्षं विचारतायत आणि त्यांचं वाक्य ठरलेलं आहे: "अगं, तेवढ्यात दोन लिटर दूध येतंय की!" मागच्या महिन्यात भाचीनं विचारलं. ती नुकतीच सांगलीत नोकरीला लागली आहे. तिला खरोखरच ठरवायचं होतं की आपणही जावं का. तिला फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून आता नीट लिहिते.

आधी आकडे, कारण माझा धंदाच तो आहे. सांगलीतल्या विश्रामबागच्या ज्या कॉफी शॉपमध्ये मी जाते तिथं कॅपुचिनो ५ टक्के जीएसटी धरून १३० रुपयांना पडते. रविवार सोडून महिन्याचे २६ दिवस गेले तर ३,३८० रुपये. वर्षाचे ४०,५६०. एका अडत्यांच्या मुलानं मला मोबाईलवर करून दाखवलं होतं की हेच पैसे दरमहा एसआयपीत, म्हणजे म्युच्युअल फंडात हप्त्यानं, टाकले आणि १२ टक्के परतावा धरला, तर दहा वर्षांत साधारण ७ लाख ८५ हजार होतात. त्याचं गणित बरोबर आहे, मी घरी येऊन पडताळलं. १२ टक्के मिळतीलच असं नाही, पण निम्मे मिळाले तरी रक्कम लहान नाही.

कपातल्या मालाचाही हिशेब केलाय. दुकानातला मुलगा एका कपाला साधारण १८ ग्रॅम बिया दळतो. भाजलेल्या चांगल्या बिया किलोला हजार-अकराशेनं मिळतात, म्हणजे बियांचे वीस रुपये. दूध पावणेदोनशे मिली, त्याचे अकरा-बारा. साखर, कागदी रुमाल धरून पस्तीस रुपयांच्या वर माल नाही. घरी पितळी फिल्टरमध्ये चिकोरी घातलेल्या पावडरीचा डिकॉक्शन लावला तर कप पंधराच्या आत पडतो. आमच्याकडे सकाळी तोच असतो आणि चवीला तो मला जास्त आवडतो. तेव्हा चवीसाठी मी विश्रामबागला जात नाही, हे आधीच सांगून टाकते. वरचे पंचाण्णव रुपये जीएसटीचे, भाड्याचे, विजेचे, पोरांच्या पगाराचे आणि माझ्या बसण्याचे. मी घेते ती बसायची जागा.

ही जागा विकत का घ्यावी लागते, तेच मला सांगायचंय.

आमचं घर सांगलीच्या जुन्या गावभागात आहे. २०१९ च्या ऑगस्टपर्यंत तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत माझं टेबल होतं. सासऱ्यांचं जुनं सागवानी, डाव्या बाजूला तीन ड्रॉवर. त्या आठवड्यात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. आमच्या त्या खोलीत छातीएवढं पाणी आठवडाभर होतं. पाणी उतरल्यावर दार ढकललं तर ड्रॉवर फुगून असे बसले होते की ते कुऱ्हाडीनं फोडावे लागले. आत बारा वर्षांच्या खतावण्या होत्या, पानाला पान चिकटून विटेसारख्या झालेल्या. ते टेबल पुन्हा झालं नाही. पूर येऊन गेलेल्या घरात तळमजल्यावर कुणी मोलाचं काही ठेवत नाही. तिथं आता सायकली, पिंपं आणि गणपतीचं मखर असतं. आम्ही सहा माणसं वरच्या तीन खोल्यांत आलो आणि माझं काम जेवणाच्या टेबलावर आलं.

जेवणाच्या टेबलावर कामाला बसलेल्या बाईला घरात कुणी कामात आहे असं मानत नाही. यात कुणाचा दुष्टपणा नाही. "बसलीच आहेस तर गॅस बंद कर की," "तू घरीच आहेस ना, मग गॅसवाला आला तर बघ." दिवसातून वीस वेळा. आणि जीएसटीचं काम असं की अकरा तारखेला एक रिटर्न, वीसला दुसरं, आणि एक बिल दोनदा चढलं की सगळं जुळवायला दीड तास जातो. जानेवारी-फेब्रुवारीपासून हळदीचे सौदे सुरू होतात, त्यातच मार्चअखेर येतो. तेव्हा तर एकेका अडत्याच्या बिलांचा गठ्ठा विटेएवढा असतो.

मग लोक म्हणतात, बसायला दुसरी जागा नाही का? आहेत, आणि मी सगळ्या करून पाहिल्यात. नगर वाचनालय मला माहेरासारखं. पण तिथं वाचायला जावं. "तुमचं सतरा नंबरचं बिल सापडत नाही हो" असं फोनवर तिथं बोलता येत नाही आणि बोलूही नये. उडुप्याच्या हॉटेलात तीस रुपयांत फक्कड कॉफी मिळते, पण मागं गिऱ्हाईक उभं असतं. त्याच्या पोटावर पाय देऊन तासभर टेबल अडवणं मला जमत नाही. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पोरं मान खाली घालून बसलेली असतात, तिथं तर खोकलासुद्धा दाबावा लागतो. गाळ्याची चौकशी केली. लहानातला लहान गाळा महिना सहा हजार आणि डिपॉझिट वेगळं.

आणि टपरी. यार्डाच्या गेटबाहेर एक चहाची टपरी आहे. माझे सगळे अडते, हमाल, टेम्पोवाले तिथंच. दहा रुपयांचा चहा, आणि त्या दहा रुपयांत बाकड्यावर दोन-दोन तास बसता येतं. भाव तिथं ठरतात, मुलीची सोयरीक तिथं जमते, कोणाचं पोतं ओलं निघालं ते तिथं कळतं. एका दुपारी दोन फर्मांच्या कामात तासाभराची फट पडली, म्हणून म्हटलं इथंच बसून काम उरकावं. चहा सांगितला आणि बाकड्याच्या टोकाला बसले. बाकड्यावरचे चौघं उठले. चहावाल्यानं लगबगीनं आतून लाल प्लास्टिकची खुर्ची काढली, फडक्यानं पुसली, टपरीपासून पाच-सहा पावलांवर लिंबाखाली मांडली आणि म्हणाला, "ताई, इकडं बसा की, सावलीला." मी जाऊन बसले. गप्पा थांबल्या होत्या. एकानं हातातली सिगारेट पाठीमागं धरली. पाच मिनिटांनी एक ओळखीचे अडते आले आणि काळजीनं विचारू लागले, "ताई, कुणाची वाट बघताय का? सोडू का कुठं?" सगळे इतके अदबीनं वागले की मी चहा संपवला आणि उठले. मी गेल्यावर ते चौघं परत बाकड्यावर बसले असणार.

तेव्हापासून मी मोजायला लागले. आमच्या घरातल्या पुरुषांना बसायला कुठं कुठं जागा आहे? दिरांना कोपऱ्यावरचं पानाचं दुकान. मुलाला घाटाच्या पायऱ्या, रात्री अकरापर्यंत. नवऱ्याला मित्राच्या दुकानातली गादी, जिथं तो दहा वर्षं रोज संध्याकाळी एक रुपया न देता बसतो. मला आणि जाऊबाईंना? देवळाचा सभामंडप. तिथं हातात जपमाळ असेपर्यंत कुणी काही म्हणत नाही, लॅपटॉप काढला तर म्हणतील. सकाळी आमराई बागेत फेऱ्या मारते, तिथं चालणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. पण बघा कधी, एकटी बाई बाकड्यावर नुसती बसलेली फारशी दिसत नाही. चालत राहिली तर ठीक आहे.

तेव्हा १३० आणि १० या दोन आकड्यांची तुलना करताना मला हे धरायला हवं वाटतं. टपरीवरच्या दहा रुपयांत पुरुषाला चहा आणि जागा दोन्ही मिळतं. मला नुसता चहा मिळतो. जागेचे वेगळे द्यावे लागतात आणि ते विश्रामबागला द्यावे लागतात. इंग्लंडात सतराव्या शतकात कॉफी हाउसं निघाली तेव्हा एक पेनी देऊन तासन् तास बसता यायचं, वर्तमानपत्र वाचता यायचं, व्यापार करता यायचा. त्या पेनीचं कौतुक आजही होतं. पण तिथंही गिऱ्हाईक म्हणून बसणारे जवळपास सगळे पुरुषच होते. आपल्याकडे मुंबईत चर्चगेटला १९३६ मध्ये इंडिया कॉफी हाउस निघालं. पुढं सरकारी कॉफी बोर्डानं आपली देशभरातली अशी कॉफी हाउसं बंद करायला घेतली तेव्हा १९५७ पासून कामगारांनी सहकारी संस्था काढून ती चालवली. स्वस्त कॉफी आणि उठवायला कुणी येणार नाही, हा त्यांचा लौकिक. तशी सहकारी जागा सांगलीत असती तर मी १३० रुपये दिले नसते. सहकाराच्या या जिल्ह्यात आपण कारखाने काढले, दूध संघ काढले, बँका काढल्या. बायकांना दोन तास बसता येईल अशी एक जागा काढणं अवघड नाही, असं मला मनापासून वाटतं.

एकदा मी महिनाभर बंद करून पाहिलं. जाऊबाईंच्या दोन लिटर दुधाचं मनाला लागलं होतं. ३,३८० रुपये वाचले, ते मी पाकिटात वेगळे ठेवले होते. त्या महिन्यात एका जुन्या अडत्यांचं रिटर्न वीसऐवजी तेवीसला गेलं. दिवसाला ५० प्रमाणे १५० रुपये लेट फी आणि कराच्या रकमेवर १८ टक्के दरानं तीन दिवसांचं व्याज. मी ते माझ्या पाकिटातून भरलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा तारीख चुकली होती. ते एका शब्दानंही बोलले नाहीत, उलट "होतंय की ताई" म्हणाले, आणि त्यानं मला जास्त लागलं. पुढच्या सोमवारी मी परत विश्रामबागला गेले.

पण रोज जाणं रास्त होतं असंही नाही. त्यानंतर मी तीन महिने एका वहीत लिहून ठेवलं: किती वाजता गेले, किती वाजता उठले, काय काम झालं. वही वाचल्यावर दिसलं की २६ पैकी सात-आठ दिवस कामाच्या रकान्यात काहीच नव्हतं. त्या दिवशी मी नुसती गेले होते, कारण पाय तिकडं वळले होते. फोनवर बोटं फिरवत बसले आणि उठले. ते हजार रुपये खरोखर वाया गेले होते, आणि ते दिवस मी तोडले. आता महिन्याला अठरा दिवस जाते, २,३४० रुपये. त्याहून कमी करणार नाही.

बसण्याचेही काही नेम पाळते. चौघांचं टेबल एकटीनं घेत नाही. दीड तासाच्या वर गेलं तर दुसरं काहीतरी मागवते. शनिवारी संध्याकाळी जात नाही, ती त्यांच्या कमाईची वेळ. तिथल्या पोरांना माझी खिडकीजवळची जागा माहीत आहे. प्लगला वायर पोचत नाही म्हणून त्यांनी आपणहून एक्स्टेन्शन आणून ठेवलंय.

भाचीला मात्र मी नको म्हणाले. तिचा पगार अठरा हजार, त्यातले साडेपाच खोलीचे जातात. तिला स्वतःची खोली आहे, दाराला आतून कडी आहे, सहानंतर तिला कुणी "घरीच आहेस ना" म्हणत नाही. तिनं महिन्याला साडेतीन हजार तिथं घालवू नयेत. त्याऐवजी पोस्टात आरडी काढ म्हटलं. महिन्यातून दोनदा मैत्रिणींबरोबर जावं, मजेत जावं, हिशेब करू नये. तिला हे उत्तर थोडं कडू लागलं, पण तिला आणि मला एकच उत्तर कसं चालेल?

गेल्या गुरुवारी जाऊबाई माझ्याबरोबर आल्या. त्यांचं काही काम नव्हतं, मीच म्हटलं, चला वहिनी, एकदा बघा तरी. त्यांनी दाराशी चपला काढल्या, मी परत घालायला लावल्या. कार्डावरचे भाव वाचून "बाई बाई बाई" म्हणाल्या आणि साधी कॉफी मागवली. पहिली दहा मिनिटं त्या पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. प्रत्येक वेळी पोरगा जवळून गेला की "आता उठूया का?" असं डोळ्यांनी विचारत होत्या. मी बिलं चढवत होते. मग बराच वेळ आवाज आला नाही म्हणून वर पाहिलं, तर पर्स शेजारच्या खुर्चीवर होती. कॉफी संपली होती, गरम असतानाच. घरी त्यांचा चहा नेहमी दोनदा तापवलेला असतो. त्या खिडकीतून रस्त्याकडे बघत होत्या.

थोड्या वेळानं माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "अगं, इथं किती वेळ बसलं तर चालतंय?"

मी म्हटलं, "सव्वाअकरापर्यंत."

"मग अजून पंचवीस मिनिटं आहेत," त्या म्हणाल्या आणि चपला काढून पाय खुर्चीवर घेतले.