रंग कोणता ते नंतर सांगा, आधी रिम उलटी करा

मागच्या आठवड्यात एका संध्याकाळी एक पोरगा पिकअपमध्ये गाडीच्या चार अलॉय रिमा बारदान्यात गुंडाळून घेऊन आला. शुक्रवारी साक्षगंध आहे भाऊ, चारही काळ्याभोर करून द्या, चमकल्या पाहिजेत. मी रंगाचं कार्ड काढलंच नाही, पहिले रिम उलटी केली आणि मागून पाहिली. सगळे समोरून पाहतात, पण रिमचं खरं दुखणं मागच्या बाजूला असते.

आमचं पावडर कोटिंगचं शेड आर्वी रोडवर आहे, टिनाचं. पावडर कोटिंग म्हणजे रंगाची कोरडी पावडर मारून भट्टीत पकवायची. फेब्रुवारीपासून मे पर्यंत कूलरच्या बॉड्या, बाकी वर्षभर गेट, ग्रिल, खुर्च्या, आणि चार वर्षांपासून गाड्यांच्या रिमा. आता रिमांचंच काम जास्त येतं आणि मला ते मनापासून आवडतं, कारण गेटचा रंग निघाला तर गेट नुसतं गंजते, रिमचं काम चुकलं तर गाडीत बसलेल्या माणसांचं काय होईल सांगता येत नाही.

तर त्या पोराच्या तिसऱ्या रिमला मागच्या काठावर केसाएवढी रेघ दिसली. ओरखडा असेल म्हणून सोडता आलं असतं. मी ती जागा पुसली, रॉकेलची एक बाटली ह्याच कामासाठी जपून ठेवलेली आहे, त्यात फडकं बुडवून रेघेवर दाबून ठेवलं, दहा मिनिटांनी कोरडं पुसलं आणि वरून खडू घासला. थोड्या वेळात पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटली, सरळ आत जाणारी. भेगेत शिरलेलं रॉकेल बाहेर येते आणि खडू ते शोषून घेतो, एवढंच त्याच्यामागचं गणित. पोराला दाखवलं तर तो म्हणे, "अरे बाप्पा, वरून पावडर मारली तं बुजून जाईल ना!" बुजेल, हेच तर भ्या आहे. भेग झाकली जाईल आणि खड्ड्यात गाडी आपटली की तिथूनच फाटेल. ती रिम मी घेतली नाही. तो नाराज झाला, मलाही वाईट वाटलं, पण घेतली नाही.

आपल्याकडे रिमा इतक्या लवकर का खराब होतात हे मला लोकं नेहमी विचारतात. मला तर काळी माती हेच मोठं कारण दिसते. पावसाळ्यात वावरातून गाडी काढली की रिमच्या आतल्या बाजूला चिखलाचा थर बसतो, तो वरून वाळतो पण आतून ओलाच राहतो, दिवसचे दिवस, आणि त्यात कोणी युरियाच्या थैल्या नेत असेल तर तो युरियाही रिमला लागतो. मग लोखंडी रिमला गंज आणि अलॉयवर पांढरी भुकटी, रंगाखाली फोड. टायर जिथं रिमला चिकटून बसतो त्या काठावर हे झालं की हवा हळूहळू उतरायला लागते. लोकं पंक्चर शोधत बसतात आणि पंक्चर कुठंच नसते. म्हणून धुताना पाइप आतल्या बाजूला धरा, समोरून चमकवून काही होत नाही.

जुना रंग काढायचं काम सगळ्यात किचकट. लोखंडी रिम असेल तर ब्लास्टिंग करा, म्हणजे हवेच्या दाबानं बारीक कण मारून रंग काढा, अ‍ॅसिडच्या टाकीत गंज काढा, रंग नीट धरावा म्हणून फॉस्फेटिंग करा, ती सोसते. अलॉय म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, तिला कॉस्टिक सोड्याच्या टाकीत घातलं तर कॉस्टिक धातूच खाऊन टाकते, खड्डे पडतात. तिचं रिमूव्हर वेगळं, ब्लास्टिंगचा दाब कमी, मारायचे कण बारीक. आणि ब्लास्टिंगला नदीची वाळू वापरणाऱ्यांना हात जोडून सांगतो, बंद करा. त्या वाळूची बारीक धूळ फुफ्फुसात बसते, सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. तोंडाला रुमाल बांधून काही अडत नाही.

मग पावडर. पावडर मारायची गन साधारण ६० ते १०० किलोव्होल्टवर चालते आणि कणांना चार्ज देते, रिम हुकाला टांगून अर्थ केलेली असते, म्हणून पावडर स्वतःहून जाऊन चिकटते, मागच्या बाजूलाही वळून बसते. पण दोन स्पोकांच्या मधल्या कोपऱ्यात ती शिरतच नाही, तिथं व्होल्टेज कमी करून गन हळूहळू फिरवावी लागते, घाई केली की कोपरा उघडा आणि कडा जाड. पावडर प्युअर पॉलिस्टरच पाहिजे, इपॉक्सी नाही. इपॉक्सी लोखंडाला धरून ठेवते मस्त, पण उन्हात तिचं पीठ होते. गच्चीवरच्या कूलरला हात लावला की हाताला रंग लागतो ना, तेच.

भट्टीबद्दल जरा जास्त बोलतो, कारण चुका तिथंच होतात. पावडर पकायला १८० डिग्रीला पंधरा-वीस मिनिटं लागतात, पण ही वेळ मोजायची रिमचा धातू १८० झाल्यावर. भट्टीचा काटा १८० दाखवते तेव्हा आठ-दहा किलोची रिम अजून कोमटच असते. आणि उलटी चूकही होते, अलॉय २०० च्या वर नेऊन तासभर विसरून जाणं. बऱ्याच अलॉय कारखान्यात ५४० च्या आसपास तापवून पाण्यात विझवतात आणि मग १५०-१६० ला काही तास ठेवून कडक करतात, तेव्हा तिला परत परत जास्त तापवलं की तो कडकपणा उतरतो, आणि वरून पाहून तर काहीच कळत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी हौसेखातर रंग बदलून मागणाऱ्याला मी नाही म्हणतो. त्यात अलॉय ओतीव असते, तिच्या बारीक छिद्रांत हवा, तेल अडकलेलं असते, म्हणून पावडर मारायच्या आधी एकदा रिकामीच भाजून घ्यावी लागते, नाहीतर पकताना बुडबुडे येऊन सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात.

मे महिन्यात आमच्या शेडमध्ये वेगळीच कटकट. बाहेर ४५-४६ आणि टिनाखाली त्याहून जास्त, पावडर मात्र पंचवीस-तीसच्या आत ठेवायची वस्तू, नाहीतर डब्यातच गोळे होतात. म्हणून आमच्या पावडरचे डबे उन्हाळ्यात घरच्या मधल्या खोलीत, कूलरपासून लांब, कारण कूलरचा ओलावाही तिला चालत नाही. लाइन गेली की ब्लोअर बंद, माल अर्धकच्चा. अशा वेळी परत पूर्ण भाजून थिनरचं फडकं घासून पाहतो, फडक्याला रंग लागला तर माल देत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, नटाची बैठक. सहा वर्षांआधी आमच्या बोलेरोच्या लोखंडी रिमा मी शहरात एका ठिकाणी पावडर करून आणल्या होत्या, दिसायला एकदम नव्या. शेगावहून दर्शन करून येत होतो, गाडीत माय, बायको, दोन्ही लेकरं. मूर्तिजापूरजवळ गाडी थरथरायला लागली. उतरून पाहिलं तर डाव्या मागच्या चाकाचे पाचातले तीन नट हातानं फिरत होते. नट जिथं बसतो त्या खळग्यात त्यांनी पावडरचे दोन जाड थर सोडले होते. एका थराची जाडी साधारण ६० ते ८० मायक्रॉन, म्हणजे एका केसाएवढी, पण नट आवळला की तो थर दाबला जातो, चुरा होऊन निघतो आणि नट ढिला पडतो. माय गाडीतून विचारत होती, "काहून थांबला रे?" आणि माझ्या हातात तो नट. त्यानंतर मी हिंगण्याच्या एमआयडीसीत आठ महिने कामाला राहिलो आणि मग हे शेड टाकलं.

म्हणून आमच्याकडे नटाच्या बैठका, हबला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्याला, टेकणारी मागची सपाट जागा आणि मधलं भोक, सगळं उष्णता सोसणाऱ्या टेपनं आणि सिलिकॉनच्या बुचांनी झाकूनच पावडर मारतो. रिम घेऊन जाताना नवीन व्हॉल्व टाका, बॅलन्सिंग करून घ्या, नट समोरासमोरचे आवळा, आणि ५०-१०० किलोमीटर चालवून पाना परत लावा.

त्या पोरानं तीन काळ्या अलॉय आणि चौथ्या जागी लोखंडी स्टेपनी लावूनच साक्षगंध केलं. काल तो नागपूरहून जुन्या बाजारातली चौथी रिम घेऊन आला. मागून पाहिली, खडू लावला, कोरडी निघाली. आज रात्री ती रिकामी भाजायला भट्टीत जाते.