वारा कुठून?

गच्चीवर गेलो की माझी नजर आधी शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जाते. यावरून घरात एकदा बरीच बोलणी खाल्ली आहेत. खरं तर मला त्या कपड्यांशी देणंघेणं नसतं. ते कुठल्या बाजूला फडफडताहेत एवढंच बघायचं असतं. हवाई दलातून निवृत्त होऊन साताऱ्यात राहायला आलो तरी खोड काही गेली नाही. पावसाळ्यात इथला वारा पश्चिमेचा. चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या सगळ्या तिकडे तोंड करून उभ्या असतात. त्यांच्याकडे बघितलं की मनातल्या मनात धावपट्टी ठरते: टू सेव्हन, म्हणजे २७० अंशांची, पश्चिमेकडे तोंड केलेली.

मी मालवाहू विमानं चालवली. गावाकडे हे सांगणं जरा अवघडच जायचं. वैमानिक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे लढाऊ विमानच येतं, आणि जैसलमेरचं नाव काढलं की १९७१च्या डिसेंबरमधलं लोंगेवाला आणि ती हंटर विमानं. आमचे मामा एस.टी.त ड्रायव्हर होते. माझ्या विमानात जवान असतात, टपाल असतं, बटाट्या-कांद्याची पोती असतात हे ऐकून ते म्हणाले, "मग आपली एस.टी.च की रं!" इतकं नेमकं वर्णन वरिष्ठांनाही जमलं नव्हतं.

आमचं विमान ए.एन.-३२. सोव्हिएत बनावटीचं, १९८४ पासून आपल्याकडे आलं. याची दोन्ही इंजिनं पंखांच्या वर चढवलेली असतात. पाती मोठी आहेत, ती जमिनीपासून उंच राहावीत म्हणून. उत्तरलाई, जैसलमेर, नाल अशा राजस्थानातल्या तळांवर त्याचा एक फायदा असा, की धावपट्टीवरची वाळू-खडी पात्यांच्या वाटेला कमी जाते. बाकी सगळीकडे वाळू जायचीच. नकाशाच्या घडीत, घड्याळाच्या पट्ट्याखाली, डब्यातल्या पुरीवर.

मे महिन्यात तिथे पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की हवा विरळ होते. पंखांना आधार कमी, पात्यांना पकड कमी, इंजिनाचाही दम कमी, तिन्हीकडून मार. सकाळी सहाला जे ओझं घेऊन विमान सहज उठतं, तेच दुपारी दोनला धावपट्टी संपत आली तरी जमीन सोडायला तयार नसतं. मग एकतर पोती उतरवा, नाहीतर वाऱ्याकडे बघा. समोरून दहा नॉटचा, म्हणजे ताशी साधारण साडेअठरा किलोमीटरचा, वारा असला तर तेवढा वेग तुम्हाला उभ्या जागी फुकट मिळतो. तोच पाठीमागून असला तर तेवढाच जास्तीचा कमवावा लागतो. वाळवंटात फुकट मिळणाऱ्या वस्तू फार नसतात, त्यामुळे ही आम्ही कधी सोडली नाही.

वारा दाखवायला धावपट्टीच्या कडेला विंडसॉक असतो, कापडाची नळीसारखी पिशवी. पंधरा नॉटच्या आसपास वारा असला की ती पूर्ण ताठ, आडवी. पण तिथल्या उन्हात तिचा नारिंगी रंग उडून मळकट पांढरा व्हायचा आणि शेपटाकडचा भाग वाऱ्याने चिरफाळून जायचा. फाटकी पिशवी खोटं बोलते. वारा जोरात असला तरी आपली अर्धवट लोंबत राहते. म्हणून आम्ही वाळूही बघायचो. टेकडीचा वाऱ्याकडचा उतार सौम्य आणि पलीकडचा तुटलेला, हे वरून स्वच्छ दिसतं. थरच्या वाळवंटात उन्हाळ्याचा जोरकस वारा नैर्ऋत्येचा. टेकड्यांवर तो कोरून ठेवलेला असतो. अर्थात टेकडी वर्षानुवर्षांचा वारा सांगते आणि उतरायचं असतं आत्ताच्या वाऱ्यात. त्यामुळे पुन्हा डोळे त्या फाटक्या पिशवीकडेच.

धुळीचं दुसरं एक लबाड रूप असतं. आंधी येऊन गेली तरी बारीक धूळ हवेत हजारो फूट लटकून राहते. बरोबर डोक्यावर असताना खाली धावपट्टी स्पष्ट दिसते. वळून उतरायला येताना तिरकं बघावं, तर धावपट्टी गायब. दिसली होती, याच्यावर भिस्त ठेवून खाली यायचं नसतं, हे नव्या पोरांना पटवताना घसा कोरडा व्हायचा. नाहीतरी तो कोरडाच असायचा.

एकदा जैसलमेरला माल उतरवत असताना एक जवान समोर आला. वडूजचा. रजा संपवून आमच्याच विमानातून आला होता, आणि आमच्या फ्लाइट इंजिनिअरने त्याला माझं गाव सांगितलं होतं. "साहेब, साताऱ्याचे ना आपण? मग हे घ्याच," म्हणत त्याने ट्रंक उघडून कंदी पेढ्यांचा खोका काढला. कंदी पेढा मुळात खवा तांबूस होईस्तोवर भाजून केलेला, म्हणून टिकाऊ. पण तिथल्या कोरड्या हवेत तो आणखी घट्ट होतो. मी दोन खिशात ठेवले आणि विसरलो. पुढे बऱ्याच दिवसांनी सापडले तेव्हा दाताला दाद देईनात. चहात बुडवून खाल्ले. चहाच्या तळाशी वाळू राहिली.

साताऱ्यात मला वाळवंट आठवतं ते माण तालुक्याच्या बाजूला गेल्यावर. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस आणि म्हसवड-दहिवडीकडे जेमतेम पाचशे. एप्रिलमध्ये तिकडे नांगरलेल्या रानातून वावटळी उठतात. वावटळीतून विमान उचलायचं नसतं. ती आडवी निघून जाईपर्यंत थांबायचं. परवा दहिवडीच्या रस्त्यावर अशीच एक पाचोळा घेऊन उजवीकडून येताना दिसली आणि माझा पाय आपसूक ब्रेकवर गेला. मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवून कान किटवले.

"अहो, वावटळ आहे ती," बायको म्हणाली. "आणि आपण मोटारीत आहोत."

मी म्हटलं, जाऊ दे तिला आधी.