कुंभार्ली घाट, बारा हजार रुपये आणि आमच्या गाडीचे ब्रेक

गेल्या मार्गशीर्षात कराडहून घरी येताना कुंभार्ली घाटात आमच्या गाडीचा ब्रेक मऊ पडला. गाडीत आई, बायको, मुलगी आणि डिकीत बहिणीने दिलेली ज्वारीची दोन पोती. निम्मा घाट उतरून झाला होता. एका वळणाआधी पाय टाकला तर पेडल नेहमीच्या जागी थांबलंच नाही, ओल्या स्पंजवर पाय पडावा तसं आत गेलं. दुसऱ्यांदा दाबल्यावर थोडं धरलं, तिसऱ्यांदा आणखी थोडं. मी तिसऱ्यावरून दुसरा गियर टाकला, मग पहिला, आणि हॅन्डब्रेक हळूहळू ओढत गाडी डोंगराच्या बाजूला घेतली. मागचं चाक गटाराच्या कडेला टेकलं तेव्हा थांबली. आई एवढंच म्हणाली, "उतरूया का रे सगळी?"

उतरलो. पुढच्या डाव्या चाकातून जळक्या रबरासारखा वास येत होता. पाऊण तास रस्त्याकडेला बसलो. त्यानंतर पेडल पुन्हा पूर्वीसारखं घट्ट झालं. पहिल्या गियरमध्ये सावकाश पोफळी गाठली. तिथे चहा घेताना हात थरथरत होते. ब्रेकचं काम उद्यावर टाकायचं नाही, हे तिथेच ठरलं.

आमची गाडी २०११ सालची वॅगन आर. पुढे डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी, जिला दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात. मागे ड्रम, म्हणजे फिरणारा डबा, ज्याला आतून लायनर दाबतात. चाकं जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा नाही. आम्ही राहतो गुहागर तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. पिठाची गिरण आणि चार-पाच महिन्यांचा आंब्याचा धंदा, एवढ्यावर घर चालतं. गाडीसाठी बाजूला काढता येतील असे बारा हजार रुपये होते, त्यापलीकडे काही नाही.

सुरुवातीला माझा समज असा झाला की ब्रेक कमी पडले म्हणजे मोठे ब्रेक बसवायचे. एका शहरातल्या दुकानात चौकशी केली. भोकं पाडलेल्या मोठ्या डिस्क, लाल कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारी पकड), सगळं मिळून पंचेचाळीस हजार. शिवाय ते बसायला चाकाच्या रिमही मोठ्या लागणार, म्हणजे टायरही नवे. समोरच्या माणसाने माझ्या गाडीचं एकही चाक खोलून पाहिलं नाही, थेट भाव सांगितला. तिथेच मला खटकलं.

मग गुहागर-चिपळूण रस्त्यावरच्या एका जुन्या गॅरेजात गेलो. तिथले चाचा माझ्या वडिलांच्या वेळेपासून गाड्या बघतात. मी घाटातली हकीगत सांगितली. त्यांनी एकच विचारलं, "पेडल मऊ झालं की दगडासारखं घट्ट होऊनही गाडी थांबेना?"

"मऊ झालं."

"मग ऑइल उकळलं, बाळा. घट्ट होऊन थांबली नसती तर पॅड तापून गुळगुळीत झाले असं म्हटलं असतं."

या एका प्रश्नाने माझे निम्मे पैसे वाचले. घाट उतरणाऱ्या प्रत्येकाला हा फरक माहीत असायला हवा असं मला मनापासून वाटतं. पायाचा जोर पाइपातून चाकापर्यंत नेणारं ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ३ या दर्जाचं नवं ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल मुरली की तेच १४० च्या आसपास उकळू शकतं. उकळलं की पाइपात वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. म्हणून पाय आत जातो आणि चाकापर्यंत जोर पोचत नाही. थंड झालं की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि पेडल वर येतं. आमच्या पाऊण तासात नेमकं हेच घडलं होतं. आपल्या किनाऱ्यावर चार महिने हवेत पाणीच असतं, आणि माझ्या गाडीचं ऑइल सहा वर्षांत बदललेलं नव्हतं. चाचांनी बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या बाटलीचं झाकण काढून दाखवलं. नवं ऑइल फिकट पिवळं असतं, माझं कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं होतं.

पण ऑइल इतकं तापलं कशाने? त्याचं उत्तर डाव्या चाकात होतं.

चाचांनी चाक काढलं आणि कॅलिपर मोकळा केला. कॅलिपर दोन पिनांवर सरकतो, म्हणजे ऑइलच्या जोराने पुढे येणाऱ्या पिस्टनने आतला पॅड दाबला की कॅलिपर सरकून बाहेरचा पॅडही डिस्कवर आणतो. आमची खालची पिन सरकत नव्हती. चाचांनी पकडीने धरून पिळली तेव्हा करकरत बाहेर आली. अर्ध्या लांबीवर तांबूस गंज, त्यावर जांभ्याची लाल माती आणि सुकलेल्या ग्रीसचा थर, नखाने उकरला तर पापुद्रे सुटत होते. रबरी टोपीला टोकाशी बारीक चीर होती. त्या चिरेतून कित्येक पावसाळे आत पाणी शिरलं असणार. चाचांनी दोन्ही पॅड माझ्या तळहातावर ठेवले. बाहेरच्या पॅडवर अजून निम्मं मटेरियल होतं. आतल्यावर जेमतेम नाण्याच्या जाडीचं, एका कडेला तर लोखंडच दिसत होतं. म्हणजे तो पॅड गाडी चालताना कायम डिस्कला घासत होता, घाट सुरू होण्याआधीच चाक तापलेलं होतं. ब्रेक दाबला की स्टीअरिंग किंचित उजवीकडे ओढायचं, हे मला चार महिने जाणवत होतं. मी ते रस्त्याच्या उतारावर ढकललं होतं.

त्या रात्री मी थोडा हिशेब केला. माणसं आणि सामान धरून गाडी बाराशे किलो. पाचशे मीटर उंचीवरून खाली उतरायची तर त्या उताराची सगळी शक्ती कुठेतरी उष्णता होऊन जायला हवी. ती सगळी ब्रेकवर टाकली तर सतरा लिटर गार पाणी उकळेल एवढी उष्णता होते. घरचा तांब्याचा बंब डोळ्यांसमोर आणा आणि तो पेटवण्याऐवजी चार चाकांना ते काम सांगा. म्हणून ज्या गियरमध्ये घाट चढतो त्याच गियरमध्ये उतरायचा, ही जुनी शिकवण इतकी मोलाची आहे. इंजिन त्यातला मोठा वाटा स्वतःवर घेतं. आमच्याकडे पेट्रोल वाचतं म्हणून न्यूट्रलमध्ये उतरणारे बरेच आहेत, मीही उतरायचो. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गियरमध्ये, पाय अॅक्सिलरेटरवरून काढून उतरताना पेट्रोल जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. आणि उतारावर इंजिन बंद केलं तर बूस्टरमध्ये, म्हणजे इंजिनच्या ओढीने पायाचा जोर वाढवणाऱ्या भागात, उरलेल्या ओढीवर दोन-तीन वेळाच हलका ब्रेक मिळतो, पुढे पेडल दगड होतं.

दुसऱ्या दिवशी चाचांबरोबर बसून बारा हजारांची वाटणी केली. पुढचे चारही पॅड चांगल्या कंपनीचे, साडेसोळाशे. कॅलिपरचं रबर आणि सीलचं किट, साडेचारशे. पुढचे दोन रबरी होज, म्हणजे ऑइलच्या नळ्या, तेराशे, कारण जुने वाकवले की बाहेरून बारीक भेगा दिसत होत्या. जुना होज आतून फुगला तर पायाचा जोर त्याच्या फुगण्यातच जातो. डॉट ४ चं एक लिटर ऑइल सहाशे. ते डॉट ३ च्या जागी चालतं आणि नवं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. डॉट ५ मात्र वेगळंच, सिलिकॉनचं असतं. ते आपल्या गाडीत टाकायचं नाही, नाव सारखं वाटलं तरी. मागचे लायनर अकराशे, लायनर ढकलणारे दोन व्हील सिलेंडर हजार, कारण एकातून ऑइल पाझरून लायनर ओले झाले होते. ड्रम लेथवर घासून घ्यायला चारशे. मजुरी बावीसशे. एकूण आठ हजार सातशे.

डिस्क बदलायची का, यावर आमचं थोडं बोलणं झालं. चाचांनी व्हर्नियर लावून जाडी मोजली आणि डिस्कच्या कडेला कोरलेला किमान जाडीचा आकडा पुसून मला वाचायला लावला. अजून जागा होती. कडेचा गंजाचा काठ काढून त्याच ठेवल्या. मला हे फार आवडलं. विकायला माल समोर असताना माणूस मोजून सांगतो की लागत नाही.

पिना घासून चकचकीत केल्यावर मी शेजारचा ग्रीसचा डबा पुढे केला. चाचांनी हात धरला. "हा नको. साध्या ग्रीसने रबर फुगतं, पुन्हा जाम होईल." पिनांना सिलिकॉनचं ग्रीस लागतं, छोटी पुडी असते. ड्रममधली काळी भुकटीही तोंडाने किंवा हवेने उडवू दिली नाही, पाणी मारून धुतली. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, ते छातीत जाता कामा नये.

पाइपात शिरलेली हवा काढायचं काम आम्ही दोघांनी केलं. मी गाडीत, ते चाकाशी. चाकाजवळच्या निपलला, म्हणजे हवा सोडायच्या तोटीला, पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलात बुडवलेलं. "दाब... धर... सोड." निपल बंद झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत जाते. पेडलने ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलेंडरपासून जे चाक सर्वांत लांब, तिथून सुरुवात. पहिल्यांदा काळपट, मग बुडबुडे, मग फिकट पिवळी धार. वरची बाटली रिकामी होऊ नये म्हणून दर सात-आठ दाबांनी भर घालायची. ऑइलचा थेंब रंगावर पडला तर रंग उठतो, लगेच पाण्याने धुवायचा. दोन तास गेले, पण शेवटी पेडल वरच्या वर थांबलं.

नवे पॅड लगेच जोरात वापरायचे नसतात. दुसऱ्या दिवशी पहाटे सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवरच्या, सरळ रस्त्यावर मागेपुढे कोणी नाही बघून साठच्या वेगावरून वीसवर, असं दहा-बारा वेळा मध्यम दाबाने केलं. मध्ये थोडं अंतर चालवून गार होऊ दिलं. पूर्ण थांबून तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून धरले नाहीत. सुरुवातीला वास येतो. पाचव्या-सहाव्या वेळेपासून पायाखाली पकड बदलल्याचं स्पष्ट कळलं, आणि स्टीअरिंग सरळ राहिलं.

उरलेले तेहेतीसशे रुपये टायरसाठी ठेवले. ब्रेक चाकं थांबवतो, गाडीला टायर थांबवतो, हे चाचांचं म्हणणं मला पटलं. माझ्या टायरच्या बाजूवर चार आकडे होते, २३१५. म्हणजे २०१५ सालच्या तेविसाव्या आठवड्यातले. नक्षी कायद्याच्या १.६ मिलिमीटरहून जास्त होती, पण रबर कडक झालं होतं. पावसात ते काय धरणार? आंब्याचे पैसे आल्यावर दोन नवे घेतले आणि मागे बसवले, कारण ओल्या रस्त्यावर मागची बाजू घसरली तर सावरणं कठीण. उरलेले दोन पुढच्या वर्षी.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. गाडी वाळूत किंवा बंदरावर नेली तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा, चाकांच्या आतल्या बाजूनेही. आमच्या गाडीखालच्या लोखंडी ब्रेक पाइपांवर गंजाचे फोड आले होते, सुदैवाने वरवरचे होते. आणि पावसाळ्यात गाडी बरेच दिवस अंगणात उभी राहणार असेल तर हॅन्डब्रेक ओढून ठेवू नका, लायनर ड्रमला चिकटतात. सपाट जागी गियरमध्ये ठेवा आणि चाकाला धोंडा लावा.

माघात पुन्हा कराडला गेलो. परतताना तीच माणसं, ज्वारीऐवजी गुळाच्या ढेपी. घाट सगळा दुसऱ्या गियरमध्ये उतरलो. वळणाआधी ब्रेक नीट दाबायचा आणि पूर्ण सोडायचा, पाय टेकवून ठेवायचा नाही. मागे दोन गाड्या हॉर्न वाजवत होत्या, त्यांना जागा मिळताच पुढे जाऊ दिलं. पोफळीला थांबलो आणि मी खाली वाकून चाकांजवळ हात धरला. डावीकडे ऊब होती. उजवीकडे गेलो. तिथेही तेवढीच होती.