तीन ठिपकेवाल्या खेकड्यांची जोडी : कात, मिलन आणि आता अंडी!

मंडळी, बऱ्याच दिवसांनी अपडेट देतोय पण बातमी मोठी आहे, मादीनं अंडी धरलीत! पोटाखाली केशरी गोळा एवढा भरलाय की झाकण मिटतच नाही. मध्यंतरी नरानं तिला पोटाखाली धरल्याचा फोटो टाकला होता, तो बघून बऱ्याच जणांनी "नर मारायलाय तिला, लगेच वेगळं काढा" असं कळवलं होतं, म्हणून तिथपासून नीट लिहितो, कारण तेव्हा वेगळं काढलं असतं तर आज हा गोळा बघायला मिळाला नसता असं माझं ठाम मत आहे.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. हे पोहणारे खेकडे, शेवटचे दोन पाय वल्ह्यासारखे चपटे आणि पाठीवर मागच्या बाजूला तीन गडद ठिपके. वेंगुर्ल्याहून एका मित्रानं आंबोली घाटातनं थर्माकोलच्या डब्यात, ओल्या गोणपाटात गुंडाळून आणले. एवढ्याशा पाण्यात बुडवून आणू नका, त्यातला ऑक्सिजन संपतो आणि गुदमरतात, कल्ले ओले राहिले की काही तास आरामात निघतात. आपल्या बेळगावात समुद्र नाही, तेव्हा आरओचं पाणी आणि मरीन सॉल्ट, खारटपणा ३२ पीपीटीच्या (हजार भागांत ३२ भाग मीठ) आसपास. थंडीत हीटर पाहिजेच, आपण साडेसातशे मीटरवर बसलोय आणि हे कोकणातल्या उबदार पाण्यातले जीव.

मादी मुद्दाम त्रिकोणी झाकणाची निवडली. पोटाखालचं झाकण नराचं अरुंद असतं, वयात आलेल्या मादीचं रुंद आणि गोल, त्रिकोणी म्हणजे वयात यायची कात अजून बाकी. गोल झाकणाची आणली तर तिचं मिलन समुद्रातच होऊन गेलेलं असू शकतं, नराचं बीज ती आतल्या पिशवीत साठवून ठेवते आणि त्यावर पुढं एकापेक्षा जास्त वेळा अंडी घालू शकते, मग टाकीत काय घडलं आणि बाहेर काय घडलं ते कळणार कसं.

आता ती पकड. कात टाकायच्या काही दिवस आधी नर तिला पोटाखाली घेऊन फिरायला लागतो. मारामारी आणि ही पकड यातला फरक नीट बघा की : मारामारीत दोघं समोरासमोर, नांग्या पसरलेल्या. इथं दोघांची तोंडं एकाच दिशेला, तिची पाठ त्याच्या पोटाला टेकलेली, तिनं नांग्या आवळून घेतलेल्या, आणि तो दुसरं कोण जवळ आलं की त्याच्यावर नांगी उगारतो. पाळणाऱ्याला हेच बघून भीती वाटते आणि चिमटा घेऊन सोडवायला जातात. नका जाऊ!

तिची वेळ झालीय हे त्याला कळतं ते वासावरनं. १९६६ साली हवाईत रायन नावाच्या संशोधकानं ह्याच जातीवर प्रयोग केला होता, कात टाकायच्या बेतातल्या माद्यांच्या टाकीतलं पाणी नरांच्या टाकीत घातल्यावर नर मादी समोर नसतानाही मिलनाच्या पवित्र्यात यायचे, आणि माद्यांच्या लघवीची छिद्रं बंद केली की त्या पाण्याचा परिणाम जायचा. म्हणजे हा वास लघवीतनं येतो. त्यामुळं ह्या काळात मी फिल्टरमधला कार्बन काढून ठेवला होता, उगाच वास शोषून घ्यायला नको म्हणून.

कात रात्री टाकली. पाठीमागची शिवण उकलली आणि ती मागच्या मागं बाहेर सरकली, अंग अगदी लोण्यासारखं मऊ, आणि तो तोवर पायांचा पिंजरा करून वर उभा. मग तिला अलगद उताणी केलं, तिनं झाकण उघडलं, आता ते रुंद गोल झालेलं स्पष्ट दिसत होतं, आणि पोटाला पोट लावून कित्येक तास तसेच. संपल्यावर परत सुलटी करून पोटाखाली घेतली आणि तिची पाठ कडक व्हायला लागेपर्यंत सोडली नाही. खेकडे मऊ खेकड्याला सोडत नाहीत, खाऊन टाकतात, त्यामुळं त्या दिवसांत नर हाच तिचा आडोसा. तिनं स्वतःहून फिरायला, तिसऱ्या (शिंपल्या) फोडून खायला सुरुवात केली तेव्हाच मी नर काढला.

अंडी लगेच येत नाहीत, मधे धीर धरावा लागतो. एक गोष्ट मात्र आधीच करून ठेवा, बारीक वाळूचा जाड थर. अंडी सोडताना ती वाळूत बसते, आणि अंडी पोटाखालच्या केसाळ पायांना नीट चिकटायला ह्या बैठकीची मदत होते, नुसत्या काचेच्या तळावर बरीचशी गळून वाया जातात.

सध्या ती झाकण हलवून अंड्यांना वारा घालायलीय, पायांनी विंचरल्यासारखं करते. गोळ्याचा केशरी रंग किंचित मातकट व्हायलाय, पुढं तपकिरी आणि मग काळपट होईल, ते काळं दिसतं ते आतल्या पिल्लांच्या डोळ्यांमुळं. पावसात लाईट जाते म्हणून एअरपंप बॅटरीवर घेतलाय.

पिल्लांच्या खाण्यासाठी शेजारच्या बादलीत हिरव्या (शेवाळाच्या) पाण्यावर रोटिफर, म्हणजे पाण्यातले अगदी बारीक जीव, वाढायलेत, पिल्लं मोठी झाली की आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातली बारकी कोळंबी. नुकती निघालेली पिल्लं म्हणजे अळ्या, त्या उजेडाकडं धावतात, तेव्हा कोपऱ्यात टॉर्च लावून पाईपनं ओढून घ्यायच्या असा बेत आहे. खानापूर, निपाणीकडं कुणाकडं चांगलं रोटिफर कल्चर असेल तर कळवा, मी येऊन घेऊन जातो, एकाच बादलीच्या भरवशावर राहायचं नाही.