नकाशा नसलेली गुहा

सोमवार, रात्री

‘मेट्रॉइड २: रिटर्न ऑफ सॅमस’ हा निन्टेन्डोचा १९९१ चा व्हिडिओ गेम पुन्हा खेळायला घेतला. सोबत त्याचा २०१७ चा रिमेक, म्हणजे नव्याने बनवलेलं रूप, ‘मेट्रॉइड: सॅमस रिटर्न्स’. एक भाग जुन्यात खेळायचा, मग तोच भाग नव्यात, असं ठरवलंय. दोन्ही आधी खेळून झालेत, पण असे शेजारी शेजारी कधी ठेवले नव्हते.

जुन्याची गोष्ट एका दमात सांगता येते. सॅमस आरन एसआर३८८ ग्रहावर एकटी उतरते आणि तिथल्या मेट्रॉइड नावाच्या जीवांचा निर्वंश करायचा असतो. किती उरलेत तो आकडा कोपऱ्यात दिसत राहतो. सुरुवातीला ३९. बाकी कोणी काही सांगत नाही, आणि नकाशा तर नाहीच.

तो ज्यावर चालतो त्या गेम बॉय या हातात धरायच्या जुन्या कन्सोलचा पडदा १६० गुणिले १४४ पिक्सेलचा, छटा फक्त चार. त्या एवढ्याशा जागेत सॅमस चांगली मोठी काढली आहे, त्यामुळे तिच्या आजूबाजूची चार पावलांची जागा काय ती दिसते. बोगदा पुढे कुठे वळतो ते तिथे पोचल्यावरच कळतं. भिंती एकमेकींसारख्या, आणि काही गुहांमध्ये संगीत म्हणावं असंही काही नसतं, नुसते तुटक, विचित्र आवाज. आज बराच वेळ एकाच गुहेत फिरत होते. मग ठरवून डावी भिंत धरून चालले आणि वाट सापडली. त्या वेळी जे वाटलं ते नव्या गेममध्ये मला फार क्वचित वाटतं: हा ग्रह माझ्यासाठी बांधलेला नाही, मी इथे परकी आहे.

मंगळवार

आज रिमेक. माद्रिदच्या मर्क्युरीस्टीम कंपनीने निन्टेन्डोबरोबर केलेला, थ्रीडीएस या दोन पडद्यांच्या कन्सोलवरचा. चांगला गेम आहे, हे आधी लिहून ठेवते. जुन्यात सॅमस तिरका नेम धरू शकत नाही, इथे कुठल्याही कोनात धरू शकते. शत्रू अंगावर झेपावला की नेमक्या क्षणी हाताने तडाखा द्यायचा, मग तो गडबडतो आणि एका गोळीत संपतो. जमलं की छान वाटतं. मागे खोल दऱ्या, पडक्या इमारती, चकाकणारी झाडंझुडपं. या ग्रहाला रंग होते हे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं ते याच गेममध्ये.

आणि खालच्या पडद्यावर कायम नकाशा. त्यातही स्कॅन पल्स नावाची शक्ती मिळते. एक बटण दाबलं की आसपासचा नकाशा उलगडतो आणि कुठली वीट फुटणार आहे तीही चमकते. म्हणजे काल ज्या गुहेत मी भिंत धरून चालत होते तिथे आज एका लहरीत काम झालं. दाबलं, बघितलं, गेले.

ही शक्ती न वापरण्याचं स्वातंत्र्य आहे, हे मला माहीत आहे. पण हाताशी असलेला दिवा मुद्दाम विझवून अंधारात चाललं तर तो अंधार खोटा वाटतो. आज तसं करून पाहिलं, फार वेळ टिकलं नाही.

जुन्या गेममधली एक गोष्ट इथे आवर्जून लिहायची आहे. सॅमसच्या व्हेरिया सूटचे, म्हणजे तिच्या सुधारित चिलखताचे, ते प्रसिद्ध गोल, भले मोठे खांदे आले ते याच गेममुळे. आधी सूट बदलला हे रंगावरून कळायचं; गेम बॉयवर रंगच नव्हता, म्हणून आकार बदलावा लागला. आज कुठल्याही गेममध्ये सॅमस ओळखू येते ती त्या खांद्यांवरून. मर्यादेने दिलेली देणगी रिमेकने विनातक्रार जपली आहे. मग त्याच मर्यादेने दिलेली भीती का नाही जपावीशी वाटली?

बुधवार

सगळ्याच मर्यादा पवित्र नसतात, हेही स्वतःशी नीट मांडलं पाहिजे. ‘द लेजंड ऑफ झेल्डा: लिंक्स अवेकनिंग’ घ्या. १९९३ चा गेम बॉयवरचा गेम, १९९८ मध्ये रंगीत झाला, आणि २०१९ मध्ये ग्रेझो कंपनीने निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलसाठी नव्याने बनवला. जुन्यात वापरायला दोनच बटणं. तलवार एका बटणावर, उडी मारायचं पीस दुसऱ्यावर. दगड उचलायचा तर मेनू उघडा, ताकद देणारं कंकण लावा, उचला, परत मेनू, परत तलवार. कंकणाशिवाय दगडाला नुसता धक्का लागला तरी तो उचलता येत नाही हे सांगणारा तोच मजकूर पुन्हा वाचायचा. यातून गोष्ट जिथे घडते त्या कोहोलिंट बेटाबद्दल काहीही कळत नाही, फक्त अंगठा दुखतो. रिमेकने तलवार, ढाल, कंकण आणि धावायचे बूट यांना आपापली बटणं दिली, फार बरं केलं.

जुन्यात बेट एकेक चौकट करून उलटायचं, नव्यात सलग सरकतं. नायक लिंक, बेटावरची मुलगी मॅरिन, घरं, झाडं सगळं लाकडा-प्लास्टिकच्या खेळण्यांसारखं गुळगुळीत, आणि पडद्याच्या कडा धूसर. काहींना हे फार गोंडस वाटलं. मला उलट ते गोष्टीच्या गाभ्याला धरून वाटतं. हे अख्खं बेट म्हणजे विंड फिश नावाच्या झोपलेल्या महाकाय जीवाला पडलेलं स्वप्न आहे. तो जागा झाला की मॅरिनसकट सगळं नाहीसं होणार, आणि त्याला जागं करायला निघालेले आपणच. धूसर कडांमुळे बेट पहिल्यापासूनच कोणाच्या तरी डोळ्यांपुढे तरंगणारं दिसतं. समुद्राकाठी बसून मॅरिन सांगते की मी समुद्रपक्षी असते तर दूर उडून गेले असते. नव्या रूपात ते ऐकताना मला जुन्यापेक्षा जास्त जड गेलं. इथे रिमेक करणाऱ्यांना मूळ गेम काय सांगत होता ते कळलं होतं.

शुक्रवार, उशिरा

जुना मेट्रॉइड २ संपला.

शेवटचा तास लिहिल्याशिवाय झोप येणार नाही. मेट्रॉइड जसजसे मारले जातात तसतसा भूकंप होतो, आम्लाची पातळी उतरते आणि खालची वाट उघडते. नव्या रूपातले मेट्रॉइड भेटायच्या आधी त्यांनी टाकलेली रिकामी कात वाटेत दिसते. कुठलाही मजकूर नाही, संवाद नाही. नुसती ती कात पाहिली की समजतं, आत कुठेतरी काहीतरी वाढलंय. पुढे आकडा एकावर येतो. संपत आलं असं वाटतं, आणि एका जागी तो अचानक एकाचा नऊ होतो. चार छटांच्या पडद्यावर एक अंक बदलतो आणि पोटात गोळा येतो.

मेट्रॉइडांची राणी मेली की एक अंडं फुटतं. बाहेर आलेलं पिल्लू सॅमसलाच आई समजतं आणि तिच्याभोवती घिरट्या घालू लागतं. ज्यांचा निर्वंश करायला आलो त्यांतलं हे शेवटचं, आणि बंदूक चालवायचीच नाही. मग दोघं वर यानाकडे निघतात. वाटेत एकही शत्रू नाही. पिल्लू अडथळे खात जातं, आपण मागोमाग. या चढणीत करायला काही नसल्यामुळेच, खाली आपण काय काय केलं ते सगळं आठवायला वेळ मिळतो. १९९१ मध्ये कोणीतरी खेळाडूवर एवढा विश्वास टाकला.

रिमेकमध्ये या वाटेवर पिल्लाकडून स्फटिक फोडून घेता येतात आणि त्यामागच्या वस्तू गोळा करता येतात. आणि यानाजवळ पोचताच सॅमसचा जुना शत्रू रिडली येतो, एक मोठी, गाजावाजाची लढाई होते. लढाई म्हणून ती उत्तम आहे. मला मात्र तिचा राग येतो, अजूनही येतो. नेमकी जिथे बंदूक खाली ठेवायची तिथेच ती पुन्हा हातात दिली.

रविवार

मिल्टन ग्वास्टी या चाहत्याने बनवलेल्या ‘एएम२आर’ या गेमबद्दल लिहायचं राहून जात होतं. त्यांनी वर्षानुवर्षं खपून मेट्रॉइड २ चा रिमेक केला आणि मालिकेला ३० वर्षं झाली तेव्हा, ऑगस्ट २०१६ मध्ये, फुकट उपलब्ध करून दिला. निन्टेन्डोने हक्कांचा मुद्दा काढून काही दिवसांतच तो उतरवायला लावला. पुढे ग्वास्टी ‘ओरी अँड द विल ऑफ द विस्प्स’ या दुसऱ्या गेमच्या लेव्हल रचनेवर काम करत होते, म्हणजे ते कसब वाया गेलं नाही, याचा मला मनापासून आनंद आहे.

आणि आजची स्थिती अशी की मूळ गेम २०२३ पासून स्विचच्या सभासदत्वात खेळता येतो, पण २०१७ चा रिमेक थ्रीडीएसवरच अडकलाय. त्या कन्सोलचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झालं, आता त्याची कार्ट्रिज शोधावी लागते. म्हणजे जुन्याची जागा घ्यायला आलेलाच आधी दुर्मिळ झाला.

२००४ मध्ये पहिल्या मेट्रॉइडचा रिमेक ‘मेट्रॉइड: झिरो मिशन’ पूर्ण केला की मूळ, १९८६ चा गेम त्याच कार्ट्रिजमध्ये उघडायचा. प्रत्येक रिमेकने हे करावं, एवढंच मला हवंय. नकाशा द्या, स्कॅन पल्स द्या, रिडलीही आणा, पण त्याच डब्यात ती अंधारी गुहाही असू द्या, म्हणजे ज्याला भिंत धरून चालायचंय त्याला चालता येईल.